माझा गुडघा, त्यांचे हात

मृणाल आणि केतकी या दोघींनी मला फसवलं. सौदा आम्हा तिघींत झाला होता. मी माझी बाजू पुरी केली, त्यांनी केली नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की गैरसमज झाला असेल.

सिडनीत कॅसल हिलला मृणालचं घर आहे. गराजमध्ये एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला तपासणीचं टेबल. त्या टेबलावर मी उताणी पडलेली, शॉर्ट्स घालून. मृणाल एका हाताने माझी मांडी धरते, दुसऱ्या हाताने पोटरी पुढे ओढते. मग केतकी ओढते. मग पुन्हा मृणाल. गुडघा भरून येतो. मी छताकडे बघत राहते. शेवटी उठून बसते आणि म्हणते, "चला, आता माझी टर्न. केतकी, झोप."

केतकी घड्याळ बघते. मृणाल हातावर सॅनिटायझर घेते आणि म्हणते, "अगं, तू तोंडी सांग ना. तुला येतंच सगळं. वेळ वाचेल."

मी तोंडी सांगितलं. उभं राहून, शाळेत कविता म्हणतात तसं. कुठे धरायचं, किती वाकवायचं, हाताला काय लागलं पाहिजे. त्या दोघी टेबलावर पाय हलवत बसल्या होत्या. "परफेक्ट," केतकी म्हणाली.

हे एकदा झालं नाही. रविवारमागून रविवार झालं.

आम्ही तिघी फिजिओथेरपिस्ट. डिग्री महाराष्ट्रातली, त्यामुळे इथली परीक्षा पास होईपर्यंत आम्ही इथे कुणीच नाही. लेखी तिघींनी काढली होती. उरलं प्रात्यक्षिक. त्यात परीक्षक बाजूला बसतो आणि तुम्ही समोरच्या माणसाला हात लावून तपासायचं. पुस्तक कितीही पाठ असो, हाताला सवय हवी. वेगवेगळी शरीरं हातांखालून जायला हवीत. त्याला दुसरा उपाय नाही.

मृणाल कोथरूडची, नवरा आयटीत. केतकी तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. मी बार्शीची. क्वेकर्स हिलला एका खोलीत भाड्याने राहते, वृद्धाश्रमात शिफ्ट करते. माझ्यामागे कुणी नव्हतं, त्यामुळे मी प्रत्येक गोष्टीची घासाघीस करायला शिकले. खोलीचं भाडं पाडून घेतलं, व्हिसाच्या एजंटला भांडून सरळ केलं. मी फुकट काही मागत नाही आणि फुकट काही देत नाही.

माझ्याकडे द्यायला एक गोष्ट होती. माझा उजवा गुडघा. शाळेत असताना कबड्डीत त्यातली लिगामेंट तुटली. ऑपरेशन कधी झालं नाही. चांगल्या गुडघ्याची पोटरी ओढली की ती कट्कन अडते. माझी अडत नाही, पुढे येते. आम्हा शिकणाऱ्यांना असा गुडघा हाताला लागणं म्हणजे चैन. पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, फार थोड्यांच्या हाताला लागलेलं असतं.

म्हणून पहिल्याच दिवशी चहा पिताना मी बोलले. "माझा गुडघा हवा तेवढा वापरा. बदल्यात तुमचे गुडघे, खांदे, पाठ माझ्या हाताला मिळाले पाहिजेत. बरोबरीने."

"बापरे, डील करतेय ही," मृणाल हसली. "डन."

सुरुवातीचे दोन रविवार डन होतं. मृणालचा खांदा मी तपासला, केतकीची पाठ तपासली. मग एप्रिल आला. पुढच्या वेळी कधी भेटायचं ते ठरत होतं. मी म्हटलं, "चौदाला मला जमणार नाही. जयंती आहे. ब्लॅकटाउनच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, मी भाषण करणार आहे."

"कुठली जयंती?" केतकीने विचारलं.

"चौदा एप्रिलला दुसरी कुठली असते?"

केतकीने मृणालकडे बघितलं. मग मृणाल म्हणाली, "ओह, नाइस." आणि कप उचलून आत गेली.

त्यानंतरच्या रविवारपासून मी तोंडी.

कुणी वाईट बोललं नाही. चहा मिळत होता, हसणं मिळत होतं. माझ्या गुडघ्याला त्यांचे हात लागतच होते. त्यांना गुडघा हवा होता ना. फक्त माझे हात त्यांच्या अंगाला लागायचे बंद झाले. कधी उशीर झालेला, कधी केतकीला थंडी वाजत असायची, कधी मृणालला मुलाला स्विमिंगला न्यायचं असायचं. प्रत्येक कारण खरं वाटेल असं. मी बाकी धरत गेले. म्हटलं, गरज त्यांनाही आहे, शेवटी एकदम वसूल करीन. एवढी घासाघीस करणारी मी, आणि उधारीवर माल देत राहिले.

हे मला नवीन नव्हतं. तरी ओळखायला वेळ लागला. ज्या सामन्यात माझा गुडघा गेला, तो आम्ही जिंकलो होतो. मॅटवर सगळ्या मुली मला धरायच्या, ओढायच्या, माझ्या अंगावर पडायच्या. ढाल मिळाली. आमच्या सरांनी संघाला घरी जेवायला बोलावलं. मुली स्वयंपाकघरात गेल्या, पुऱ्या लाटायला, वाढायला. मी लंगडत दारापर्यंत गेले. सरांची बायको प्रेमाने म्हणाली, "तू बस गं बाहेर. तुझा पाय दुखतोय." मी ओसरीवर बसले. मला वाटलं किती माया आहे. घरी येऊन आईला सांगितलं. आई काही बोलली नाही. माझ्या गुडघ्याला हळद लावत राहिली. ती का बोलली नाही, ते मला सिडनीत, एका गराजमध्ये उभी राहून कळलं.

परीक्षा माझी आधी होती, त्यांची पुढच्या बॅचला. मी एकटीने तयारी केली. उशीला खांदा समजले. स्वतःचा डावा गुडघा तपासून बघितला, पण स्वतःचा पाय स्वतः ढिला सोडता येत नाही. माझी घरमालकीण फिलोआंटी वसईची. एकदा ती दारात उभी राहून बघत होती.

"बाय, उशीला काय विचारते? ती काय सांगणार तुला?" म्हणाली, आणि कोचवर आडवी झाली. "घे, हा घे. माझा गुडघा काय सोन्याचा आहे?"

मी हात लावला. सत्तरीचा गुडघा, आतून करकरणारा. त्यावरून तरुण गुडघ्याचा अंदाज येत नाही. पण हातांना ऊब लागली. नंतर पुष्कळ वेळ मी खोलीत दार लावून बसले.

बाकी तयारीत मी कुठे कमी पडले नाही. इथे मला खोटा विनय करायचा नाही. जे वाचून, लिहून, बोलून, आरशासमोर करून येतं, ते सगळं मला येत होतं.

परीक्षेत काय आलं ते सांगणार नाही, तशी सही करून दिली आहे. एवढंच सांगते. एका क्षणी माझे हात एका परक्या तरुण शरीरावर होते. मी सगळं बरोबर धरलं होतं. हाताला काहीतरी जाणवलं. आणि मला कळेना, हे नॉर्मल आहे की नाही. माझ्या हातांनी निरोगी तरुण शरीरं पुरेशी पाहिलीच नव्हती. परीक्षक लिहीत होता. मी जे वाटलं ते ठाम आवाजात बोलले. बरोबर होतं की चूक, मला आजही माहीत नाही.

निकाल ईमेलने येतो. कधी येईल ते नक्की सांगत नाहीत. फिलोआंटी लेकीच्या बाळंतपणाला मेलबर्नजवळ पॉइंट कुकला गेली. घरात मी आणि फ्रिजचा आवाज. शिफ्टवरून येते, सिंकपाशी उभ्यानेच जेवते, फोन उलटा ठेवते, सुलटा करते. जंक मेलसुद्धा उघडून बघते. आई फोनवर विचारायची, "लागला का गं?" आता तिने विचारणं सोडलंय. नुसती विचारते, "जेवलीस?" बसल्या बसल्या माझे हात हवेत परीक्षेतलं ते शरीर पुन्हा तसंच धरतात. नॉर्मल होतं का? की नव्हतं? कितीही आठवलं तरी हात सांगत नाही.

याच दिवसांत मृणालचा फोन आला. "कशी झाली गं? काय काय आलं?"

"सांगायला बंदी आहे."

"अगं आपल्यातल्या आपल्यात. बरं ते जाऊ दे, रविवारी ये ना. आमची जवळ आली. तुझा गुडघा एकदा बघायचाय."

मी गेले. खरं सांगते, बोलायला कुणी नव्हतं म्हणून गेले.

केतकीने टेबलावर चादर पसरली होती. मी तिच्याशेजारी उभी राहिले. "आज मृणाल झोपेल," मी म्हटलं.

"तुझी परीक्षा झाली ना?" मृणाल म्हणाली.

"झाली. तरी झोप. माझ्या टर्न राहिल्यात."

ती हसली. मी हसले नाही. तेव्हा तिने हात कमरेवर ठेवला आणि म्हणाली, "अगं आज माझी पाठ दुखतेय."

"पाठ दुखतेय?" मी म्हटलं. "मग बरंच झालं. मी फिजिओ आहे. झोप, बघते."

केतकी चादरीची सुरकुती काढत राहिली. मृणाल म्हणाली, "तू ना, उगाच प्रत्येक गोष्टीत तसलं काहीतरी शोधतेस. इथे कोण मानतं तसलं?"

मी 'तसलं' असं काहीच बोलले नव्हते. तो शब्द तिने काढला.

मी म्हटलं, "माझा गुडघा आता तुम्हाला मिळणार नाही. पुस्तकात बघा. तोंडी म्हणा." आणि निघाले. गाडीत रडले नाही. संताप एवढा होता की इंडिकेटरच्या जागी वायपर लावला.

आता हे जे लिहिलंय, ते मी इथल्या मराठी फिजिओंच्या ग्रुपवर टाकणार आहे. दोघींच्या नावांसकट. आणि निकाल यायच्या आधी टाकणार आहे. पास झाल्यावर टाकलं तर लोक म्हणतील, बघ, तुझं काही अडलं का? नापास झाल्यावर टाकलं तर म्हणतील, हात कच्चा, खापर दुसऱ्यावर फोडते. आज मी पासही नाही, नापासही नाही. आज हे सांगण्यात माझा काही फायदा नाही. म्हणून आजच.

मला माफी नको. 'सॉरी, तुला तसं वाटलं असेल तर' असला मेसेज पाठवू नका, मी तो वाचणार नाही. परीक्षा मी पुन्हाही देईन, लागली तर त्यानंतर पुन्हा देईन. ते माझं मी बघते.

तुम्ही दोघी उद्या पास व्हाल, दवाखान्यात बसाल. माझी आई या देशात येईल, तिची पाठ धरेल, आणि ती तुमच्या टेबलावर येऊन झोपेल. तिला हात लावाल, की तिलाही तोंडी सांगाल?

मृणाल, केतकी, सगळ्यांसमोर उत्तर द्या.