मोजेवाले मामा

“आदी मोजे, मग माया!”

शाळेत कुणाचं रक्त दिसलं की आमचे शिपाईमामा असे ओरडत धावायचे. खिशातले रबरी मोजे फटकन हातावर चढवायचे आणि मगच पोराला जवळ घ्यायचे.

मामांची सारी नोकरी फौजेच्या दवाखान्यात गेली होती. निवृत्तीनंतर वडूजजवळच्या आमच्या शाळेत ते कंत्राटावर लागले. दर मे महिन्यात संस्थेच्या अध्यक्षांची सही झाली की जूनमध्ये मामा हजर.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. गुडघा फुटला की दगडीपाला चोळायचा, बोट कापलं की तोंडात घालायचं, मग ते मैत्रिणीचं का असेना! शिक्षिका असून मीही मामांच्या पहिल्याच आठवड्यात व्हरांड्यात आपटलेल्या एका पोरीच्या गुडघ्यावर पाला चोळायला बसले. मामांनी मला चक्क बाजूला केलं.

“आवं बाई, तुमच्या बोटाला चीर हाय. तिचं तुमाला, तुमचं तिला. कुनाच्या रक्तात काय हाय, कपाळावर लिवलंय व्हय?”

जखम नळाखाली धुऊन त्यांनी पट्टी बांधली. मग फरशीवरच्या थेंबांभोवती खडूनं गोल काढून त्यावर ब्लीचिंगचं पाणी ओतलं. त्या गोलात पाय टाकायची हेडसरांचीही छाती नव्हती.

पोरांना हे इतकं आवडलं की काही लाल दिसलं की गोल! एकदा सांडलेल्या बिटाच्या कोशिंबिरीभोवती गोल निघाला आणि मामा येईपर्यंत अख्खा वर्ग उपाशी बसला.

मग एप्रिलमध्ये अध्यक्ष आले आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात पान थुंकले. दुसरीतल्या पोरींनी क्षणात गोल काढला, अध्यक्षांसकट!

मामा आले. सही अजून व्हायची होती. मुकाट्यानं पुसून टाका, असं आम्ही सगळे डोळ्यांनी खुणावत होतो. मामांनी खिशातून मोजे काढले आणि अध्यक्षांपुढं धरले.

“सायेब, थुकीलाबी रक्ताचाच नेम. पोरं बगत्यात. घाला.”

अध्यक्षांनी घातले! गडबडीत दोन बोटं एकाच खोळीत गेली. त्यांनी वाकून फरशी पुसली, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

सही झाली नाही. जूनमध्ये मामा आले नाहीत. आमच्यातलं कुणी एक शब्द बोललं नाही, याची मला अजून लाज वाटते.

दिवाळीनंतर सासूबाईंना घेऊन मिरजेच्या एका दवाखान्यात गेले, तर मामा तिथं! कामावर नव्यानं लागलेल्या आयांना हात धुवायला शिकवत होते.

“लय झ्याक हाय बाई. हितं कुनी वाद घालत न्हाई.” मग हळूच म्हणाले, “शाळंत आता कोन बगतं?”

“मी.”

त्यांनी माझे हात निरखले. “नखं वाढल्यात. रबर फाटंल की. पोरं हायत, बाई.”

कुठूनतरी नेलकटर आणून त्यांनी माझ्या हातात दिला. सासूबाईंच्या शेजारी बाकावर बसून मी नखं कापू लागले. दहावं नख होईपर्यंत मामा समोरून हलले नाहीत.