काचेमागची गोधडी

आज कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि असाच वास असलेला सोनिवलीचा तो बंगला आठवला. एका हौशी माणसाने तिथे जुन्या घरगुती वस्तू मांडल्या होत्या. भाचीने आईला आणि मला बघायला नेलं होतं. अडकित्ते, पाटे, रॉकेलचे स्टोव्ह बघून आई हसत होती. "हे बघायला रिक्षा करून आलो? आपल्या माळ्यावर काय कमी आहे?"

पुढच्या खोलीत काचेमागे एक गोधडी टांगलेली होती. ती बघताच मी ओळखली. आईने शिवलेली ती गोधडी मी भांडीवालीला देऊन स्टीलचं पातेलं घेतलं होतं, आणि आईला सांगितलं होतं, उंदरांनी कुरतडली.

आईने काचेवर हात ठेवला. "कोपऱ्यात भाकरीचा तुकडा शिवलाय मी. गोधडी उपाशी ठेवू नये."

"मावशी, हात लावू नका," रखवालदार म्हणाला.

"हात लावूनच शिवलीय रे!"

आता ती मला जाब विचारणार, म्हणून मी मान खाली घातली. पण तिने विचारलं, "पाटीवर काय लिहिलंय गं?" तिला वाचता येत नव्हतं. पाटीवर होतं, 'शिवणारी अज्ञात'.

मी मात्र आईचं नाव-गाव वाचलं, "सखूबाई, मोरिवली."

आईने फोटोला उभं राहावं तसा पदर सारखा केला.

तेव्हा वाटलं, सुटले. खरं नाव रखवालदाराला सांगायचं, तर पातेल्याचंही सांगावं लागलं असतं. म्हणून मी आईला घेऊन तशीच बाहेर पडले. आता आई नाही, आणि ती पाटी अजून तशीच असेल.