निरगुडसरहून आणलेली जीप

निरगुडसरला मी मुलगी बघायला गेलो होतो आणि तिथून जीप घेऊन आलो. लोक हे हसवायला सांगतात. मी झालं तसं सांगतो.

तेव्हा मी जुन्नरच्या एका शाळेत नुकताच क्लार्क म्हणून लागलो होतो. शाळेच्या कामापेक्षा मला गाड्यांमधलं जास्त कळायचं. माझी काही मतं तेव्हाही पक्की होती, आजही आहेत. गाडीला आवाज असावा. हल्लीच्या गाड्या चालू आहेत की बंद, हे पडद्यावर वाचावं लागतं. काच हातानं फिरवून खाली करता यावी. आणि पांढरी गाडी घेणाऱ्या माणसाला रंग निवडायचा कंटाळा असतो.

तर, स्थळ मामांनी आणलं होतं. आम्ही दोघं त्यांच्या गाडीतून गेलो. अंगणात एक जुनी डिझेल जीप उभी होती, हूड फाटलेलं. आमच्या गाडीला जागा व्हावी म्हणून मुलीच्या वडिलांनी ती चालू करून मागं घेतली, आणि मला ऐकू आलं की बिचारी तीनच सिलिंडरवर चालतेय. मी पाच मिनिटं मागून घेतली. डिझेलच्या एका नळीचा नट सैल होता, तिथून हवा शिरत होती. हवा काढून नट आवळेपर्यंत अर्धा तास गेला, पोहे गार झाले आणि माझ्या नव्या शर्टावर डिझेलचा नकाशा उमटला. पण जीप चारही सिलिंडरवर अशी घुमायला लागली, की मुलीचे वडील आणि मी एकमेकांकडे बघून नुसते हसत राहिलो.

मग मुलगी आली. बीएस्सी झालेली, शांत. मामा म्हणाले, काही विचारायचं असेल तर विचार. मी तिच्या वडिलांना विचारलं की ऑइल शेवटचं कधी बदललं. मामांनी माझ्या पायावर पाय दिला. तेव्हा मुलीनंच मला विचारलं, "तुम्हाला गाड्यांशिवाय आणखी काय आवडतं?"

मी प्रामाणिकपणे बराच वेळ विचार केला. "ट्रॅक्टर," मी म्हणालो.

आम्ही नारायणगावला पोचायच्या आत नकाराचा फोन आला. मला वाईट वाटलं. नेमकं कशाचं, ते मी मामांना सांगितलं नाही. चार दिवसांनी तिच्या वडिलांचा पुन्हा फोन. "पावणं, पोरगी काय तयार न्हाई. पण जीप तुमीच न्या. आमच्याकडं नुसती उभी राहून सडंल."

आईला मी फोनवर एवढंच सांगितलं की निरगुडसरचं जमलं. ती औक्षणाचं ताट घेऊन दारात उभी. जीप बघून तिचा चेहरा पडला, पण ताट तयारच होतं, म्हणून तिनं बॉनेटला कुंकू लावलं.

वर्षाच्या आत माझं लग्न झालं. बायको आंबेगावच्या पश्चिमेकडची, डोंगरातल्या भातखाचरांची. जीप कुठून आली हे मी तिला सांगितलं नव्हतं. विषय निघाला नव्हता. लग्नानंतर लेण्याद्रीला दर्शनाला निघालो, तेव्हा मागं बसलेल्या मामांनी तो काढला, आणि चांगला रंगवून सांगितला. पायथ्याशी मी जीप लावेपर्यंत ती चालायलाही लागली. तीनशेवर पायऱ्या माझ्या पुढं चढली, गणपतीला हात जोडले, खाली उतरली आणि सरळ एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. "त्या पोरीच्या घरची गाडी ती. मी न्हाई बसायची तिच्यात," म्हणाली. मामा खाली मान घालून तिच्यामागं एसटीत चढले. जुन्नरपर्यंत मी रिकामी जीप घेऊन एसटीच्या मागं मागं आलो. एसटी थांबली की मीही थांबायचो.

पुढं काही महिने तिचं माहेर आम्ही एसटीनंच केलं. मी जीप विकायची तयारीही दाखवली, अगदी हळू आवाजात. मग एका रविवारी तिनंच चावी मागितली. "बसायची न्हाई म्हणलं व्हतं. चालवायची न्हाई असं कुठं म्हणलं?"

शाळेच्या मैदानावर मी तिला शिकवलं. क्लच न दाबता गिअर टाकला की जो आवाज येतो, तो मी दाढ उपटून घेतल्यासारखा सोसला. दोन-तीन महिन्यांत ती बाजारातल्या गल्लीतून जीप एका दमात मागं घ्यायला लागली, जे मला आजही चार वेळा मागं वळून बघितल्याशिवाय जमत नाही. लायसन्स हातात पडलं त्याच आठवड्यात ती जीपनं माहेरी निघाली. मी शेजारी. प्रत्येक वळणाला मी माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत होतो. पाय आवरा, एवढंच ती एकदा म्हणाली.

सासरे अंगणात आले. लेकीला स्टिअरिंगवरून उतरताना बघून त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली. मग मला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं, "जावईबापू, तुमाला येत न्हाई का चालवायला?"

मी म्हणालो, येते थोडीफार. ते बरं म्हणाले, आणि जाताना तांदळाचं पोतं मागं बसेल का, हे लेकीला विचारायला गेले.