खुब्याचे टाके

तुमच्या आजोबांचं आणि माझं दुखणं एकच. खुब्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, दोघांचीही तुटली. ते ट्रॅक्टरवरून उतरताना घसरले, लंगडायला लागले आणि आठवड्याच्या आत नगरला त्यांचं ऑपरेशन झालं. मी लंगडत नव्हते. उजव्या कुशीवर झोपता येईना, जिना चढताना कळ यायची, एवढंच. कुणी कंबर म्हणालं, कुणी वय. त्यात दीड वर्ष गेलं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाई स्पष्ट बोलल्या. "बायकांचं बऱ्याचदा असंच उशिरा कळतं. तुमचा स्नायू सुकलाय. मी शिवीन, पण टाके धरतीलच असं सांगत नाही. नंतर सहा आठवडे उजव्या पायावर भार द्यायचा नाही."

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर मी वही सुरू केली. व्यायाम, गोळ्या, दुखणं, सगळं तारीखवार.

चौथ्या आठवड्यात कर्जतहून माझी नणंद भेटायला आली. "दादा तर लई लवकर हिंडाया लागला हुता," ती म्हणाली. "तुमी मातर वहिनी, खुर्चीत राणीवानी." मी हसले. निघताना ती दारात थांबली. सवाष्णीला कुंकू न लावता कसं पाठवायचं? करंडा देवघरात, चार पावलांवर. आजोबा पेपर वाचत होते. वॉकर पलीकडच्या भिंतीशी होता. मी तशीच उठले. तिसऱ्या पावलाला खुब्यात काहीतरी ओढलं गेलं. तरी करंडा आणून तिला कुंकू लावलं.

त्या दिवशी वहीत लिहिलं, 'विशेष काही नाही.'

पुढचे पंधरा दिवस मी फक्त त्या खुब्याचाच विचार करत होते.

तपासणीला डॉक्टरबाईंनी वही चाळली. "इतकी नीट वही कुणी ठेवत नाही. चला, उद्यापासून पाय टेका."

"त्यातली एक नोंद खोटी आहे," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. लगेच सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई पडद्याकडे बघत होत्या, मी त्यांच्या चेहऱ्याकडे.

"एक टाका सैल झालाय," शेवटी त्या म्हणाल्या. "बाकीचे धरून आहेत. उद्या चालला असता तर तेही गेले असते. अजून सहा आठवडे."

गाडीत आजोबा चिडले. "उठण्याआधी मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर करंडा तुम्ही आणला असता?"

राहुरी मागे पडली. मग ते म्हणाले, "कुंकू लावायचं काम तुझं, एवढंच डोक्यात. उठून आणून द्यावं, हे सुचलंच नाही मला."

टाके धरले. मी काठी घेऊन चालते. व्हिडिओ कॉलवर तुम्हाला फक्त माझा चेहरा दिसतो, म्हणून लिहिलं.