तुराट्यांखालची झोप

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. कुणी विचारलंच तर माझं उत्तर ठरलेलं होतं: कंपुटरची चूक. हे उत्तर मी नातेवाइकांना दिलं, बागेत बसणाऱ्या पेन्शनरांना दिलं, आणि ज्याचं घर गेलं त्यालाही दिलं. लोकांना ते लगेच पटतं. कंपुटरला शिव्या दिल्या तर कुणाची पेन्शन अडत नाही.

मी बुलढाण्यात नगररचनेच्या कामात सगळी नोकरी काढली. कामाला लागलो तेव्हा गावाचा विकास आराखडा करायचा म्हणजे गावातून चालावं लागे. मोजणीची साखळी घेऊन आम्ही गल्लीगल्लीतून फिरायचो. ओट्यावरून कुणीतरी हटकून ओरडायचं, "ओ साहेब, आमची न्हाणी धरली का नकाशात? मागच्यानं सोडून देली होती." बाया पाणी आणून द्यायच्या आणि पाणी देता देता शेजाऱ्यानं भिंत कशी पुढे सरकवली तेही सांगायच्या. अशा आराखड्याला वर्षानुवर्षं लागायची, हे खरं आहे. पण नकाशातून माणूस सुटत नसे, कारण तो स्वतःच सुटू देत नसे.

मग दिल्लीहून धोरण बदललं. शहरं वाढताहेत आणि नियोजन मागे पडतंय, असं वरून सांगण्यात आलं. आता नकाशे उपग्रहाच्या चित्रावरून होणार, मुदतीत होणार, आणि ज्याचा आराखडा नाही त्याचा निधी अडणार. आमच्या जिल्ह्यात तेव्हा मोठमोठ्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती होत होत्या. त्यांतलं एक मेहकरच्या बाजूचं माझं स्वतःचं गाव. रात्रीतून ते शहर झालं. डुकरं तीच, नाल्या त्याच, फक्त पाटी नवी.

नकाशे करायला बाहेरच्या एका सल्लागार कंपनीची तरुण मुलं आली. हुशार होती, नम्र होती. आकाशातून काढलेल्या चित्रावर ती रंग भरत. पिवळा म्हणजे घरं, हिरवा म्हणजे शेती, पांढरा म्हणजे मोकळी जागा. त्या साऱ्या कारभारात पायी चालायचं असं एकच काम उरलं होतं. जागेवर जाऊन चित्र खरं आहे का ते बघायचं आणि सही करायची. माझ्या गावाचं ते काम माझ्याकडे आलं. मी मनात हसलो. माझं गाव मलाच दाखवताहेत!

मे महिना होता. बसमधून उतरलो तो सरळ मित्राकडे गेलो. आम्ही पहिलीपासून एका वर्गात. बाजाराच्या मागे जी टिनाच्या घरांची वस्ती होती, तिथं त्याची पिठाची चक्की होती आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. चक्कीच्या तोंडाला बांधलेला कापडी नळा फुगलेला, त्याच्या भुवयांवर पीठ. मला पाहून त्यानं पट्टा उतरवला.

"काऊन बे साहेब, सर्व्हे करून राह्यला का पाहुणचार शोधून राह्यला?"

"दोन्ही."

"मंग आधी पाहुणचार कर. सर्व्हे काय, जागा थोडीच पळून जाते."

वहिनींनी आंब्याचा रस केला होता. जेवलो आणि तिथंच आडवा झालो. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, पण आत गारवा होता. आमच्याकडे उन्हाळ्यात टिनावर तुराट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या नि कपाशीच्या वाळलेल्या काड्या, अंथरतात, वरून जमलं तर पाणी मारतात. त्या वस्तीत तर एक टिन उघडं दिसत नव्हतं. मी कौतुक केलं तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुराट्या हायेत म्हणून घर हाय, नाहीतर भट्टी हाय."

उठलो तेव्हा उन्हं कलली होती. पिशवीतला नकाशा मी बाहेर काढलासुद्धा नव्हता. आपल्याच गावात नकाशा धरून फिरायचं म्हणजे घरच्या देव्हाऱ्याचा पत्ता विचारण्यासारखं वाटलं. शेवटच्या बसनं परत आलो आणि दुसऱ्या दिवशी सही केली. कंपनीतल्या एका मुलानं विचारलं होतं, "सर, बाजाराच्या मागचा हा पॅच ओपन येतोय, ग्राउंडवर कन्फर्म आहे ना?" मी म्हणालो, "माझंच गाव आहे ते." त्यानं पान उलटलं.

प्रारूप आराखडा भिंतीवर लागला तेव्हा मला दिसलं. बाजाराच्या मागे पांढरी जागा, आणि तिच्यावर आरक्षण: बस टर्मिनल व व्यापारी संकुल. उन्हाळ्यातलं चित्र. वरून पाहणाऱ्याला तिथं घरं दिसलीच नाहीत, मळणीनंतरचं रान दिसलं. सुकलेल्या काड्यांचे ढीग. ज्या तुराट्यांखाली मी ढाराढूर झोपलो होतो त्याच त्या.

हरकती घ्यायला महिना असतो. त्या महिन्यात मी स्वतः एक टिपण लिहून चूक दुरुस्त करू शकत होतो. पण टिपणावर पहिला प्रश्न आला असता, की जागेवर कोण गेलं होतं? माझी निवृत्ती तोंडावर आली होती. चौकशी लागली की काय होतं ते मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं.

आणि मग मित्र आला. ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन, बसचे धक्के खात, थेट बुलढाण्याला माझ्या ऑफिसात. माझ्या टेबलासमोर चप्पल काढून बसला. मी म्हणालो, चप्पल घाल, तर म्हणे, "राहू दे, सरकारी जागा हाय."

"आमची वस्ती नकाशात नाहीच म्हणतेत," तो म्हणाला. "एक वकील म्हणते, हरकत घ्या. साऱ्यायनं लिहून ठेवली. म्या म्हटलं, आधी आपल्या माणसाले विचारतो. घेऊ का?"

हा प्रश्न मला अजून ऐकू येतो. उत्तरात नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "कशाले घेता? नकाशात लय काही दाखवतेत, सारं थोडीच होते. तुम्ही ग्रामपंचायतीच्या काळापासून घरटॅक्स भरता. हरकत घेसान तर उलट नजरेत येसान."

"पक्कं ना?"

"मी हाय ना आत."

तो मोकळा होऊन हसला. कँटीनमधला चहा पिऊन गेला. नंतर कळलं, त्यानं वस्तीत जाऊन सांगितलं, की आपला माणूस आत हाय, काही होत नाही. लोकांनी लिहिलेल्या हरकती घरातच राहिल्या.

आराखडा मंजूर झाला, मी निवृत्त झालो, शाल-नारळ घेतला. पुढे नोटिसा निघाल्या. जागा नकाशात मोकळी होती, म्हणजे घरं नंतर झाली, म्हणजे अतिक्रमण, म्हणजे पुनर्वसन नाही. दिल्लीच्या त्या धोरणात गरिबांच्या घरांविषयी चांगली पानंच्या पानं होती. ती मी वाचली होती. पण ती नकाशात घर असलेल्या गरिबांसाठी होती. टिनं निघाली त्या दिवशी त्याचा फोन वाजत राहिला आणि मी तो नुसता पाहत बसलो. दुसऱ्या दिवशी उचलला, तेव्हा 'कंपुटरची चूक' हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले.

टर्मिनल झालं नाही. तिथं तारेचं कुंपण आहे, निधीच्या नावाची पाटी आहे आणि गाजरगवत आहे. चक्कीला जागा लागते, वीज लागते, रोजचं गिऱ्हाईक लागतं. ती भंगारात गेली. मित्र आणि वहिनी आता बीबी गावात लेकीकडे राहतात. जावई भला आहे. पण आमच्याकडे बाप लेकीच्या घरी पाणी पितानाही बिचकतो, आणि हा तर तिथंच राहायला गेला.

परवाच्या जानेवारीत हिवरा आश्रमला, उत्सवाच्या महाप्रसादात भेट झाली. शेतात दूरवर पंगती बसल्या होत्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून पुऱ्या आणि वांग्याची भाजी येत होती. मी बसलो आणि समोरच्या रांगेत पाहिलं तर ती दोघं. भरल्या पानावरून उठता येत नाही.

"काय साहेब, पेन्शन चालू हाय ना?" तो म्हणाला. भुवया आता नुसत्या पांढऱ्या होत्या, पिठाशिवाय. शेजाऱ्याला सांगू लागला, "माह्या वर्गातला. लय मोठा साहेब. आमच्यासाठी लय केलं यानं, पण कंपुटरपुढं माणसाचं काय चालते?"

शेजाऱ्यानं मान हलवली. वहिनी खाली पाहून जेवत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "भाऊजी, तो सर्व्हे झाला त्या दिवशी तुम्ही आमच्याच घरी झोपले होते ना?"

"हो," मी म्हणालो. "लय ऊन होतं."

"हाव," त्या म्हणाल्या. "ऊन तर होतंच."

वाढपी आला, मित्रानं माझ्याकडे बोट करून त्याला सांगितलं, "त्याले वाढ, लाजून राह्यला तो." माझ्या पानात पुऱ्या पडल्या. पंगत उठली, धूळ उडाली, बीबीची गाडी लागली होती, ती दोघं निघाली. मी गाडीच्या खिडकीपर्यंत गेलो. त्यानं हात बाहेर काढून माझा हात धरला आणि म्हणाला, "येत जा बे." मी म्हणालो, येतो. म्हणायचं होतं ते हे: तुह्या घरात झोपून म्या तुहं घर नाही असं लिहून देलं, आन ते उघडं पडू नये म्हणून तुले हरकत घेऊ देली नाही. कंपुटर नव्हता, मी होतो. मले माफ कर.