पंपाच्या खोलीमागचा उपास

माणसं जाताना देवाचं नाव घेतात, मुलाबाळांची आठवण काढतात, निदान कपाटाची किल्ली कुठे ठेवली आहे ते तरी सांगतात. आमच्या भावोजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, दिवाळीनंतरच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या खाटेवरून मला बोटानं जवळ बोलावलं. नर्स मागे सरकली. आमचे हे डोळे पुसत भिंतीकडे वळले. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. आवाज पार बसला होता, पण शब्द स्वच्छ होते. "वयनी, तिसऱ्या खोक्याचा तोंड फिरय. वारो बदललो." त्यानंतर दोन दिवस ते होते, पण काही बोलले नाहीत. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, दत्ता शेवटचं काय म्हणाला? मी काय सांगणार... म्हटलं, आपल्या सगळ्यांची काळजी करत होते. अगदीच खोटं नव्हतं. सगळ्यांमध्ये सात मांजरं धरली की झालं.

भावोजी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. अंधेरीच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात त्यांनी तेहतीस वर्षं काढली. लग्न केलं नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायचे, खोकं पट्टी मारून बंद झालंय, आता कशाला उघडता? आमची बिल्डिंग बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीला पाठ लावून उभी आहे. मुंबईत थंडी पडत नाही म्हणणाऱ्यानं डिसेंबरात सकाळी सहाला आमच्या मागच्या आवारात नुसतं उभं राहून दाखवावं. बोरीवलीकरांना ह्या थंडीचा अभिमानही जरा जास्तच. दोन दिवस गार वारा सुटला की डांबरगोळ्यांचा वास मारणाऱ्या माकडटोप्या बाहेर पडतात आणि दादरच्या नातेवाइकांना मुद्दाम फोन जातात. निवृत्त झाल्यावरच्या पहिल्याच थंडीत भावोजींनी टोपी कानाखाली ओढत मला विचारलं, माणसाला टोपी आहे, मांजराला काय आहे? मी म्हटलं, मांजराला अंगभर केस आहेत, तुमच्यासारखं टक्कल नाही. ते हसले आणि माझी भाजीची सुरी घेऊन खाली गेले.

त्या सुरीचं पुढे जे झालं ते सांगायला नको. मासळी बाजारात बर्फातले मासे ज्या थर्माकोलच्या खोक्यांतून येतात ती रिकामी खोकी भावोजी उचलून आणायचे, दोनदा साबणानं धुवायचे आणि गॅसवर तापवलेल्या सुरीनं त्यांना दार कापायचे. दार बेतानं, मांजर शिरेल आणि वारा शिरणार नाही एवढंच. खाली चार विटा, दवाचं पाणी आत येऊ नये म्हणून झाकणाला उतार, आणि आत भाताचा पेंढा. मी मोठ्या मनानं माझी एक जुनी गोधडी देऊ केली, तर नाक उडवून परत केली. कापड ओल धरतं, त्यापेक्षा मांजर उघड्यावर बरं, असं तेहतीस वर्षांच्या अनुभवानं त्यांनी मला ऐकवलं. जणू माझी दोन मुलं ह्या गोधड्यांत नाही, पेंढ्यातच वाढली होती.

खरी अडचण थंडीची नव्हती, महिन्याची होती. आमच्या बिल्डिंगीतली मांजरं वर्षभर मालवणी घरांच्या जिवावर जगतात. गुजराती घरांतून फार तर दूध मिळतं. पण थंडी सुरू होते आणि नेमका मार्गशीर्ष लागतो. घरोघरी गुरुवारचे घट बसतात, आणि आमच्याकडे गुरुवारच काय, अख्खा महिना मासळी बंद. ज्या दिवसांत अंगात ऊब हवी त्याच दिवसांत बिल्डिंगीतल्या कचऱ्याच्या डब्यांत नुसत्या वाटाण्याच्या साली. भावोजींनी हे माझ्यासमोर एखाद्या सरकारी अन्यायासारखं मांडलं. मी बावीस वर्षं बिल्डिंगीतल्या बायकांना गुरुवारची पोथी वाचून दाखवणारी. मी सांगून टाकलं, मार्गशीर्षात मासळीचं शेपूटसुद्धा ह्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. ते म्हणाले, बरं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला माझ्या कुकरमधला गरम भात डब्यात भरून बाहेर पडायचे, बाजारात हिराबाई कोळिणीकडून मासे साफ करताना निघालेली डोकी आणि शेपट्या घ्यायचे, आणि बाहेरच्या बाहेर मांजरांना वाढून नऊला घरी यायचे. हाताला बांगड्याचा वास, आणि वर नाश्ता नको म्हणायचे. नको कसा असणार... भावोजी मासळीशिवाय दोन दिवस काढू शकत नाहीत हे मी लग्न होऊन आल्यापासून पाहत होते. मला पक्की खात्री होती की हिराबाईकडे बसून कालवण ओरपून येतात. मी रोज टोमणे मारायचे, आज सुरमई की पापलेट? ते मुकाट्यानं हात धुवायला जायचे.

मग सोसायटीचे सेक्रेटरी परब ह्यांनी नवी गाडी घेतली. (परब हे त्यांचं खरं नाव नाही, आणि ते पेपरात फक्त शेअरबाजाराचं पान वाचतात, म्हणून हे लिहायचं धाडस करते आहे.) इंजिन गरम असलं की मांजरं बॉनेटवर जाऊन झोपायची. परबांना रंगावर ओरखडे दिसू लागले, मग बोर्डावर नोटीस लागली की मांजरांना कुणी खायला घालू नये, आणि एका सकाळी परबांनी सफाईवाल्यांकडून सगळी खोकी उचलवली. त्या रात्री वारा होता. सकाळी एक पिल्लू जिन्याखाली थंड पडलेलं सापडलं. भावोजी भांडले नाहीत. त्यांनी ते पिल्लू पार्काच्या भिंतीशी पुरलं, आणि मग नवी खोकी पाण्याच्या पंपाच्या खोलीमागे मेंदीच्या कुंपणात अशी लपवली की मलाही शोधावी लागली. खायला घालणंही तिथेच, लपून. ह्या विषयावर मी त्यांना कधी चिडवलं नाही.

आता सहा वर्षांपूर्वीचा गुरुवार. संध्याकाळी माझ्याकडे पोथीला बारा-तेरा बायका जमलेल्या. आतल्या खोलीत भावोजी पेपर वाचत बसलेले. मी पोथी उघडली तोच परबबाई घसा खाकरून म्हणाल्या, वहिनी, आधी एक विचारू का, राग मानू नका. मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात सांगितलं की भाजीला गेल्या असताना त्यांनी आमच्या भावोजींना मासळी बाजारात पाहिलं, हातात भरलेली पिशवी, आजच नाही, रोज. ज्या घरात पोथी वाचतात त्या घरात महिनाभर रोज मासे येत असतील तर बायकांनी काय समजायचं? गुरुवारी सकाळी परबबाई स्वतः मासळी बाजाराकडे काय करत होत्या हा प्रश्न मला तेव्हा सुचायला हवा होता. पण मला दुसरंच सुचत होतं. खरं सांगितलं तर माझी अब्रू जागच्या जागी परत येत होती. पण समोर सेक्रेटरीची बायको बसली होती, आणि पंपाच्या खोलीमागे एका खोक्यात आठ दिवसांची तीन पिल्लं होती. आतल्या खोलीत पेपर वाजायचा थांबला.

मी म्हटलं, "हो, मला नाही राहवत. मी खाते."

पुढच्या गुरुवारपासून पोथी परबबाईंच्या घरी गेली. बावीस वर्षं... मी दार लावून आत बसायचे आणि वरच्या मजल्यावरून आरतीचा आवाज ऐकायचे. मला रडू यायचं, भावोजींचा रागही यायचा. त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी माझी सुरी धार लावून, नवी मूठ बसवून जागेवर ठेवलेली दिसली.

त्यातही गंमत अशी की आठवड्याभरात परबबाई मागच्या दारानं आल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, वहिनी, तुम्ही बोललात त्याला हिंमत लागते. आम्हालाही राहवत नाही हो. आज काही केलं असेल तर वाटीभर... मी काय देणार होते, माझं कपाळ? म्हटलं, आज संपलं. मग दर वर्षी त्या मार्गशीर्षात तीन-चारदा यायच्या आणि मी दर वेळी संपलं म्हणून सांगायचे. जे मासे घरात कधी शिजले नाहीत ते मी सहा वर्षं न चुकता संपवत होते. आणि भावोजींना टोमणे मारणं चालूच होतं. आमचा उपास मोडला म्हणून बदनामी आमची, आणि कालवण तुमचं, असंही एकदा म्हटलं. हात धुता धुता ते म्हणाले, वयनी, तुझ्या डाळीक चव असता. मला वाटलं, चेष्टा करतायत.

आता ते गेल्यावर वर्षभर आमच्याकडे सण नाही. घट नाही, उपास नाही. ह्यांनी मला परवा सांगितलंसुद्धा, यंदा मासळीला हरकत नाही गं, कर काहीतरी. पण मार्गशीर्ष लागला आणि मांजरं सकाळी सातला आमच्या खिडकीखाली येऊन बसली. भात घालून झाला, तशी माझ्या मागे कुणी येतंय का बघत राहिली. शेवटी मी पिशवी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा मार्गशीर्षात मासळी बाजारात गेले. हिराबाईनं मला पाहिलं, आणि मी काही बोलायच्या आत डोकी बाजूला काढायला लागली. बातमी तिला कळली होती. म्हणाली, सकाळचा पहिला माणूस तोच असायचा, आता सुनं वाटतं. मी सहज, थोडं ठसक्यातच म्हटलं, तुमच्या हातच्या कालवणाची सवय होती त्यांना. कोळिणीचा कोयता थांबला.

"कसला कालवण, बाय? सा वर्सं मी त्याला बोलतंय, भाव, थंडीचा आलास, वाटीभर गरम पिऊन जा. एकदा नाय प्याला. बोलायचा, वयनी माझ्यापायी सगल्या बायांसमोर खोटं बोलली, तिचा उपास मोडला म्हनून गावभर झालंय... मंग तो कोनीतरी धरायला नको?"

मी तिथेच उभी राहून रडले, पदर तोंडाला न लावता, मोठ्यानं. शेजारचं गिऱ्हाईक माझ्याकडे बघून म्हणालं, खरं आहे ताई, पापलेटचा भाव ऐकून कुणालाही येईल. सहा मार्गशीर्ष तो माणूस मासळीच्या ढिगात हात घालून आला, घरी येऊन माझी मुगाची डाळ जेवला आणि वर माझे टोमणे खाल्ले. एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण सांगितलं असतं तर भावोजी कसले...

बिल्डिंगीच्या गेटात परबबाई भेटल्या. डोळे पिशवीवर. काय आणलंत, म्हणून हळूच विचारलं. मी सहा वर्षांत पहिल्यांदा खरं सांगितलं, डोकी आणलीयत, मांजरांसाठी. त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, माझ्यापाशी कशाला लपवता, मी कुणाला बोलले का कधी? तेव्हा मला काय झालं कोण जाणे. मी त्यांना हाताला धरून पंपाच्या खोलीमागे नेलं. त्यांनी खोकी बघितली, पेंढा बघितला, एकेक मांजर बाहेर येऊन आळस देत पिशवीपाशी बसलं. मी सगळी हकीकत सांगितली. आता एक शब्द परबांच्या कानावर गेला की दुपारपर्यंत खोकी कचऱ्याच्या गाडीत. परबबाई तिथल्या विटेवर मटकन बसल्या.

"म्हणजे वहिनी... सहा वर्षं अख्ख्या बिल्डिंगीत मी एकटीच खात होते?"

कुठे खात होत्या हे मी विचारलं नाही. त्याच पुढे काकुळतीनं म्हणाल्या, परबांना सांगू नका, दर गुरुवारी पोथी वाचते मी. मी म्हटलं, तुम्हीही इथलं परबांना सांगू नका. मग पदर खोचून दोघींनी डोकी वाटली. त्यांना मांजरांची सवय नाही, पण हात सढळ आहे. काल स्वतःहून गरम भात घेऊन आल्या होत्या.

ह्यांनी काल पुन्हा विचारलं, यंदा तर व्रत नाही, मग रोज डाळच का? मी म्हटलं, यंदाचा उपास भावोजींचा आहे. ते नाहीत, म्हणून मी धरलाय.