मटण तिखट नव्हतं

दिंडोरीजवळच्या एका वायनरीत मी पाहुण्यांना वाइन चाखायला देते आणि कोणत्या पदार्थाबरोबर कोणती घ्यावी ते सांगते. नियम फार अवघड नाहीत. तळलेल्या पदार्थाला आंबटसर पांढरी वाइन, तिखटाला थंड आणि किंचित गोड. तोंड तुरट करणारी रेड मात्र तिखटाबरोबर देऊ नये, तिखट आणखी झोंबतं. नव्या मुलींना हे मीच शिकवते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंबईहून वीसेक पाहुणे येणार होते. आमच्या स्वयंपाकघरात शेजारच्या गावातल्या एक मावशी होत्या. त्यांच्या हातचं काळ्या मसाल्याचं मटण खायला लोक पुन्हा पुन्हा यायचे. मालकांना त्या दिवशी लाकडी पिंपात मुरवलेली, चांगलीच तुरट अशी नवी रेड खपवायची होती. मटणाबरोबर हीच द्या, म्हणाले. हे जमणार नाही हे मला कळत होतं. पण माझ्या बढतीचं बोलणं नुकतंच सुरू झालं होतं. मी मान डोलावली, वर पाहुण्यांना पटवूनही दिलं की मटणाला अशी दमदार रेडच हवी.

दुसऱ्या-तिसऱ्या घासाला माणसं पाणी मागू लागली. एका बाईंचे डोळे वाहायला लागले. मालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, काय झालं?

"मावशींचा हात आज तिखटाला जरा सैल पडला," मी म्हणाले.

मावशी भाकरीची टोपली घेऊन मागेच उभ्या होत्या. आत जाऊन त्यांनी रस्सा चमच्यानं चाखला, मग पुन्हा चाखला.

दुसऱ्या दिवसापासून मटण मिळमिळीत होऊ लागलं. मावशी येईल त्याच्यापुढे चमचा धरायच्या, तिखट नाही ना, विचारायच्या. पाहुणे मटण ताटातच टाकून उठू लागले. शेवटी मालकांनी नवा आचारी आणला आणि मावशींकडे फक्त भाकऱ्या राहिल्या. मला बढती मिळाली.

गेल्या वर्षी धीर करून मी त्यांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. चूक वाइनची होती, ती मी दिली होती, आणि मला ते आधीच माहीत होतं.

त्या म्हणाल्या, "मला वाटलं, वयानं जीभच गेली माझी. घरीबी कालवणाला हात लावत नाय मी. सून करती."

मी माफी मागितली. त्यांनी चहा दिला. मालकांनाही मी खरं सांगितलं. ते हसले, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय, म्हणाले.

मागच्या महिन्यात मी हट्टानं मावशींना वायनरीच्या स्वयंपाकघरात पहिल्यासारखं मटण करायला लावलं. चव तीच होती. मी तसं सांगितलं.

"तुम्ही आता चांगलंच म्हणणार, ताई," त्या म्हणाल्या, आणि वाटी घेऊन दुसऱ्या कुणाला तरी चाखवायला निघून गेल्या.